हिरकणी कक्षातली देवी

सई आणि ओम,

कराडचं घर मी बंद केलं ते दुधाचा रतीब तोडून. पेपर आठवडाभर आधीच थांबवला होता, गॅसचा कॉक फिरवला होता, तुळशीची कुंडी शेजारच्या बाईंच्या गॅलरीत पोहोचली होती. दूधवाल्या बापूंना सांगायचं मात्र मी शेवटच्या सकाळपर्यंत टाळलं. ते दारात किटली घेऊन उभे, आणि खाली तुमचा निखिलमामा माझी लोणच्याची बरणी डिकीत आडवी ठेवतोय की उभी, हे मी खिडकीतून बघतेय.

"परत कधी चालू करू, बाई?"

"सहा महिन्यांनी."

बापूंनी किटलीचं झाकण लावलं. "तरणी माणसं जातात सहा महिन्यांसाठी. आपल्या वयाची गेली की गेली."

मला त्यांचा राग आला. मी निवृत्त झाले आहे, हरवलेली नाही, असं काहीतरी म्हणून मी दार लावलं. गाडी कृष्णेच्या पुलावर आली तेव्हा मी समोरच बघत राहिले. निखिल आरशातून माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याला रडलेलं तोंड दाखवायचं नव्हतं.

जायचं कारण होतं इरा, तुमची मामेबहीण. प्राजक्तामामीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. तिला आई नाही. निखिल सकाळी मुंबईला जातो तो दिवे लागल्यावर येतो. दोघं एका पाळणाघरवाल्या बाईंना भेटून आले. त्या घरात टीव्ही कधी बंदच होत नाही, एवढंच प्राजक्ताने मला फोनवर सांगितलं. पुढचं तिला बोलावं लागलं नाही.

हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही जड गेलं नसतं. मिशनच्या शाळेत शिकले मी. पण यातली माणसं माझ्या डोक्यात मराठीतच बोलतात, आणि त्यांना इंग्रजीत बोलायला लावलं तर ती खोटी वाटतील. तेव्हा सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा.

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आमची इमारत आहे. समोरची इमारत इतकी जवळ, की त्यांच्या आमटीला फोडणी हिंगाची की लसणाची हे मला इथे कळतं. कराडात मी 'बाई' होते. इथे मी वॉचमनची 'माँजी', लिफ्टमधल्या मुलांची 'आंटी' आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चारशे तीन'. कपडे वाळत नाहीत, हवेला मिठाचा वास येतो, आणि टँकर आला की सगळा जिना धावतो. तिकडे कृष्णेचं पाणी नळाला यायचं आणि आम्ही त्याचा कधी विचारही करत नव्हतो.

मी येताना अळीव, डिंक आणि खारीक घेऊन आले होते. आमच्या देशावर बाळंतिणीला हेच देतात. पण खाली बसणारी, जवळच्या कळंब गावची मासेवाली मला बघून म्हणाली, "सुनंला मुशी खिलव, बाय. वरनं पानी पाज भरपूर. दूध कसं येत नाय ते मी बघते." मुशी हा मासा. हिला आपला माल खपवायचा आहे, हे मी लगेच ओळखलं. माझ्या स्वयंपाकघरात आयुष्यात मासा शिजला नव्हता. तरी प्राजक्ताने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी एक वेगळी कढई काढून दिली. मुशीने दूध वाढलं की अळिवाने, हे अजून ठरलेलं नाही.

माझा स्वभाव संशयी आहे, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलंच असेल. तो मी नोकरीत कमावला. माझं सगळं आयुष्य सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत गेलं. रजा, बदल्या, बढत्या. वरून आलेला धडधाकट नियम टेबलाटेबलावरून फिरत माणसापर्यंत पोहोचेस्तोवर कसा लंगडा होतो, ते मी रोज बघितलं. आणि त्याआधी माझी आई होती. ती म्हणायची, "वरून भाजलेली दिसते म्हणून भाकरी वाढून घेऊ नये. उलटून बघावी."

प्राजक्ता वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. टोपी, मास्क, पांढरा झगा. झाकणात एक केस सापडला तरी सगळा माल परत येतो. रजा संपायच्या आधी तिला तिथल्या एचआरच्या रिटा मॅडमचा फोन आला. तिने तो स्पीकरवर ठेवला.

"प्राजक्ता, बिनधास्त ये गो. आपण रूम केलीय. खुर्ची, पडदा, छोटा फ्रिज, सगळं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध काढायला रोज दोन जादा सुट्ट्या. कोणी काय बोललं तर मला सांग."

आवाज फार गोड होता. मला गोड आवाजाच्या अधिकाऱ्यांचा अनुभव आहे.

मग मोबाइलवर फोटो आला. फिकट गुलाबी भिंत, एक खुर्ची, दारावर पितळी पाटी: हिरकणी कक्ष. मी फोटो बोटांनी मोठा करून छताचे कोपरे तपासले. "कॅमेरा शोधताय का, आई?" प्राजक्ताने हसत विचारलं. मी हो म्हणाले. खरं तर मला कॅमेऱ्यापेक्षा त्या नावाची काळजी वाटत होती. गडाचे दरवाजे मिटले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेली ती गवळण. शाळेत तिच्या धाडसावर आम्हाला निबंध असायचा. दरवाजा उघडला असता तर तिच्यावर ही वेळच आली नसती, असं मी त्यात लिहिलं होतं, आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती. बाईचं कौतुक करायला सगळे तयार असतात. दरवाजाचं नाव कोणी काढत नाही.

निखिलने सांगितलं, परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं, त्यांना अशी खोली लागते, म्हणून झाली. म्हणजे दाखवायची खोली. माझी खात्री पटली. ऑडिटवाले गेले की तिथे खोके भरणार.

प्राजक्ता कामावर जायला लागली. पंप, बाटल्या आणि बर्फाची पिशवी घेऊन ती सकाळी कंपनीच्या बसने जायची. त्या दिवशी काढलेलं दूध संध्याकाळी घरी यायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी ते कोमट पाण्यात बाटली धरून इराला पाजायचे. पहिला महिना बरा गेला. मी माझ्या संशयाला थोडं बाजूला बसवलं.

मग एके दिवशी इराने बाटली तोंडातून ढकलली. मी वास घेतला. दूध आंबलं होतं. दोन दिवसांनी परत तेच. त्यानंतर सलग काही दिवस प्राजक्ता रिकाम्याच बाटल्या घेऊन आली. "आज आलंच नाही," असं म्हणून ती बाटल्या धुवायला घ्यायची, माझ्याकडे पाठ करून. मी त्या दिवसांत इराला पेज आणि डाळीचं पाणी दिलं. ती खायची, पण झोपताना खांद्यात तोंड घालून काहीतरी शोधत राहायची.

मी सगळ्यांवर संशय घेतला. कारखान्याचा शेठ विजेचं बिल वाचवायला फ्रिज बंद करत असेल. ती गोड आवाजाची रिटा सुट्ट्या देत नसेल. आणि, लिहायचं तर सगळंच लिहिते, प्राजक्तालाच दूध तोडायचं असेल आणि मला सांगायला जड जात असेल. एकदा मी तिच्या पिशवीत हात घालून बर्फ किती उरलाय ते बघत होते, तेवढ्यात ती आली.

"माझ्यावर पाळत ठेवताय का, आई?"

"पिशवीवर."

ती हसली नाही. त्या आठवड्यात तिने जेवताना सांगितलं, "दसरा झाला की मी राजीनामा देते. नाही जमत." निखिल म्हणाला, "दे. इराचे हाल करून नोकरी कशाला?" तो हे इतक्या पटकन बोलला की मला त्याचाही संशय आला.

त्या रात्री मला कळून चुकलं, की तिने नोकरी सोडली तर माझं इथलं काम संपलं. मी परत जाऊ शकत होते. कराडचं घर, संध्याकाळचा घाट, माझी आरामखुर्ची. कोणी मला दोष दिला नसता. आणि तरी मला झोप येईना, कारण ही मुलगी कामाबद्दल बोलायला लागली की तिचा चेहरा उजळतो हे मी बघितलं होतं. झाकण उजेडाला धरून त्यातली चीर कशी शोधायची, हे ती मला स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर करून दाखवायची. असं माणूस घरी बसलं तर ते बसून राहत नाही, विझतं.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, इथल्या वसाहतीत यंत्रं पुजतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, कामगारांच्या घरच्यांना बोलावतात, पेढे वाटतात. मी म्हणाले, मी इराला घेऊन येणार.

"आई, तिथे जाऊन काही बोलू नकोस," निखिल म्हणाला.

"मी नुसती बघायला चाललेय."

"तेच म्हणतोय मी. नुसती बघूही नकोस."

निखिल रजा काढून आमच्याबरोबर आला. कारखाना स्वच्छ होता, माणसं नव्या कपड्यांत. शेठ स्वतः दारात उभे राहून गंध लावत होते. रिटा मॅडम मला पाया पडून भेटली. वसईजवळच्या गावातली ख्रिस्ती बाई, साडी नेसलेली, गळ्यात बारीक क्रूस. तिने माझ्या हातात सुकेळीचा पुडा ठेवला. सुकेळी म्हणजे इथली वाळवलेली केळी. मी पुडा घेतला, मत राखून ठेवलं.

इरा भुकेने कुरकुरायला लागली. मी प्राजक्ताला म्हणाले, "चल, तुझी ती खोली दाखव. तिथेच पाज."

ती मला एका दारापर्यंत घेऊन गेली. पाटी तीच, पितळी. खाली एक नवीन पाटी: चपला बाहेर काढाव्यात. आत उदबत्तीचा धूर. समोरच्या भिंतीला देवीची मोठी तसबीर, तिला हार, खाली समई, घंटा. फोटोत बघितलेल्या त्या खुर्चीवर कलश मांडला होता. मी फ्रिज उघडला. तो चालू होता. आत पेढे, पंचामृत, उद्याचे हार आणि केळीच्या पानाने झाकलेला नैवेद्य.

मी वळून बघितलं. प्राजक्ता उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती.

"तुम्ही जा आत, आई. मला आज चालत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अशा दिवसांत तू दूध काढतेस कुठे?"

"बाथरूममध्ये. ते इराला कसं देणार? ओतून टाकते."

"आणि एरवी?"

"एरवी इथेच, कोपऱ्यात, देवीकडे पाठ करून. पण फ्रिजमध्ये ठेवत नाही. नैवेद्याशेजारी माझं दूध कसं ठेवायचं? बाहेर पिशवीत ठेवते. बर्फ असतो ना."

"गाईचं चालतं ना देवीला?" मी म्हणाले. "आणि हे मला का नाही सांगितलंस?"

तिने इराला माझ्याकडून घेतलं. "तुम्ही म्हणाला असता, बघ, मी म्हटलंच होतं."

खरंच म्हणाले असते.

मी शेठना गाठलं. आवाज खाली ठेवला होता, पण निखिलने लांबूनच कपाळाला हात लावला. शेठ बिचारे गडबडले. "काकू, देवीशप्पथ, उद्घाटन उशिरा झालं, मागच्या महिन्यात. पूजा घातली तेव्हा ठेवली तसबीर. दुसऱ्या दिवशी काढायची होती."

"मग?"

"काढणार कोण? मी धंदेवाला माणूस, मी देवी उठवू?"

रिटाकडे बघितलं. ती मान हलवत म्हणाली, "मला बोलू नका, काकू. ही रूम व्हावी म्हणून वर्षभर शेठच्या मागे लागले मी. पण मी तसबिरीला हात लावला तर उद्या म्हणतील, किरिस्तावांच्या बाईने देवी काढली. मी नाय हात लावणार."

तोवर बायका गोळा झाल्या होत्या. पॅकिंगमधल्या सुमनताई सगळ्यांत वडील. त्या म्हणाल्या, "आम्हीच लावतो रोज दिवा. देवी बसल्येय म्हटल्यावर तिला अंधारात कसं ठेवायचं? मग दिवा आला, दिव्यामागे नैवेद्य आला. खुर्ची तेवढी रिकामी होती."

मुलांनो, मी आयुष्यभर फाइल अडवणारा माणूस शोधत आले. प्रत्येक वेळी तो सापडायचा. इथे सापडेना. खोके भरले नव्हते, फ्रिज बंद नव्हता, रिटाचा आवाज खराच गोड होता. सगळ्यांनी मनापासून हात जोडले होते, आणि जोडलेल्या हातांनी काही उचलता येत नाही.

"स्थापना केलीत," मी म्हणाले, "उत्तरपूजा केलीत का?"

शेठनी सुमनताईंकडे बघितलं, सुमनताईंनी देवीकडे.

"मग ती जाणार कशी? बदलीचा हुकूम हातात आल्याशिवाय आमच्या कचेरीत शिपाईसुद्धा टेबल सोडत नसे. ही तर देवी."

पहिले शेठ हसले. मग बायका. शेठ म्हणाले, गुरुजींना फोन करतो. मी म्हणाले, आज खंडेनवमी, गुरुजी गावभर फिरत असतील आणि पोर आत्ता भुकेलंय. अक्षता द्या इकडे.

सुमनताईंची नजर माझ्या मोकळ्या कपाळावर गेली. "काकू, राग मानू नका. पण सवाष्ण नको का?"

"उठवायचंय, सुमनताई, ओटी भरायची नाही. दोष लागला तर मला लागू दे. या वयात अजून काय लागायचं राहिलंय?"

इरा आता टाहो फोडत होती. सुमनताईंनीच मग देवीला हळदकुंकू लावलं आणि अक्षता माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या वाहिल्या, पुनरागमनाय च म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तसबीर जागेवरून किंचित हलवली. काही झालं नाही. पंखा फिरत राहिला.

"कुठे नेऊ?" शेठनी विचारलं.

"गेटवरच्या ऑफिसात. आल्या-गेल्या प्रत्येकाला दर्शन. ही बढतीच आहे."

शेठनी तसबीर डोक्याला लावून उचलली, मागे समई, घंटा, नैवेद्याचं ताट. सगळी वरात गेटकडे निघाली. रिटा तेवढी मागे राहिली. कलश गेल्यावर तिने ती खुर्ची पदराने पुसली आणि पडदा ओढून बघितला. प्राजक्ता अजून उंबऱ्यातच.

"जाऊ आत?"

"जा," मी म्हणाले. "आता ती नुसती खोली आहे."

ती आत गेली. पडद्याआडून इराचं रडणं थांबल्याचं ऐकू आलं. मी आणि रिटा बाहेर उभ्या होतो. रिटा डोळे टिपत म्हणाली, "काकू, तुम्ही लवकर यायला पाहिजे होतं." मी सुकेळीचा पुडा उघडून तिला एक दिलं.

राजीनामा दिला गेला नाही. दूध आता फ्रिजमधून थंडगार येतं. सुमनताई अजून त्या खोलीबाहेर चपला काढतात, सवय जात नाही म्हणतात. मागच्या आठवड्यात प्राजक्ताने फोटो पाठवला. खिडकीच्या कट्ट्यावर कोणीतरी उदबत्तीचं घर आणून ठेवलं होतं. रिकामं. मी लगेच फोन केला. प्राजक्ता म्हणाली, काढलं आई, मीच काढलं. तिने काढलं, हे मला आवडलं. कोणी ठेवलं, ते मी शोधते आहे.

दिवाळीनंतर मी कराडला जाऊन आले. कुलूप काढलं, झाडलोट केली. सगळं जागच्या जागी होतं, मी ठेवलं तसं. भांड्यांवर धूळ, घड्याळ बंद. बघण्यासारखं, तपासण्यासारखं काही नव्हतं. आठवडाभर राहायचं म्हणून गेले होते. तिसऱ्या दिवशी निखिलला फोनवर म्हणाले, मला घ्यायला ये.

परवा फोनवर सईने विचारलं, आजी, तू घरी कधी जाणार? मी विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलं असणार. त्याचं उत्तर हे. प्राजक्ताच्या विभागातल्या मनीषाला दिवस गेले आहेत. ती बाळंतपणाची रजा घेईल आणि पुढच्या वर्षी परत कामाला येईल. तेव्हा इरा मोठी झालेली असेल, प्राजक्ताला त्या खोलीची गरज उरलेली नसेल, ऑडिटवाले कदाचित यायचेही थांबले असतील. त्या दिवशी मनीषा दार उघडेल तेव्हा खुर्ची रिकामी असेल की नाही, यावर माझा अजिबात विश्वास नाही. ते बघायला मला इथे असायला हवं. कराडात आता कशाचाच संशय येत नाही, आणि मनवेलपाड्यात मला सकाळी उठल्या उठल्या येतो. परक्याच्या दारात माणूस एवढी चौकशी करत नाही. तेव्हा सई, मी घरीच आहे.

तुमची,
आजी